एका माणसाला एकच विनोद

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खिडकीतून एका बाईला विचारत होते, "पेशंट कोन? तुमी का हे?"

बाईनं शेजारी मान खाली घालून उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बोट दाखवलं. मामांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, केसपेपरवर पेन टेकवलं आणि म्हणाले, "नीट सांगा. एकदा लिवलं की मागनं बदलता येत न्हाय."

बाई हसली नाही. नवरा हसला नाही. मामा तर नाहीच नाही. माझ्या नव्या नोकरीचा तो पहिला दिवस. पुण्याहून आणलेली प्रश्नावल्यांची फाईल छातीशी धरून मी बाकावर बसले होते आणि मनातल्या मनात चिडले होते. मानसोपचाराच्या दवाखान्यात दारातच थट्टा? असल्या माणसाला इथं ठेवलंय कुणी?

ठेवलं होतं खुद्द डॉक्टरांनी, आणि तेही त्यांचे स्वतःचे केस काळे होते तेव्हापासून. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचा दवाखाना. खाली औषधांचं दुकान, वर दातांचे डॉक्टर. मधे आम्ही. मामा कंपाउंडर होते, पण इंजेक्शनं आणि गोळ्या हे त्यांचं वरवरचं काम. खरं काम खिडकीत. आलेला प्रत्येक माणूस आधी त्यांच्यासमोर उभा राही, मग समुपदेशनासाठी माझ्याकडं येई आणि शेवटी डॉक्टरांकडं जाई.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि तसंही निम्म्या शहराला ते नुसते मामा म्हणूनच ठाऊक आहेत. बारीक अंगकाठी, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं आणि डाव्या कानात बारा महिने कापसाचा बोळा. कापूस कशाला, असं विचारलं तर म्हणत, "हितं निम्मंच ऐकायचं असतंय." दुपारी एक वाजता खिडकी बंद करून कडक भाकरी दह्यात चुरायचे, वर शेंगाचटणी घ्यायचे, आणि त्या वीस मिनिटांत बाहेर कुणी कितीही आरडाओरडा केला तरी उठायचे नाहीत. चेहरा कायम नुकतंच कुणाला तरी पोचवून आल्यासारखा. त्या चेहऱ्यानं ते विनोद सांगत.

आमच्याकडं येणाऱ्यांना आमच्याकडं येण्याची लाज वाटे. जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं तर पंचाईत नको म्हणून बरेचजण गालावर हात धरूनच वर यायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, दात दुखतोय. मामा एकदा मला म्हणाले, "ह्यातल्या एक-दोघांचा खरंच दुखत असतोय. त्यांना वर पाटवावं लागतंय. एक जन तर तीन वेळा गोळ्या घेऊन गेला, दाताचं बोललाच न्हाय." हे खरं की त्यांनी रचलेलं, मला आजवर कळलेलं नाही.

मामा मूळचे दुधनीचे. घरी कानडी, शाळाही कानडी, तीही सातवीपर्यंत. सोलापुरात येऊन मराठी बोलायला लागले, आणि विणकरांच्या बायकांशी तेलुगू, रिक्षावाल्यांशी दखनी असं ज्याच्या त्याच्या बोलीत. विनोद मात्र ते कुणाला मोठ्यानं सांगत नसत. खिडकीच्या फटीतून पुढं वाकून, फक्त समोरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. नातेवाइकांनी कान टवकारले की गप्प. "तुमाला न्हाय हो, तुमी बरे हाय."

महिनाभरानं माझ्या ध्यानात आलं की ते दर खेपेला त्या माणसाला तोच विनोद सांगतात. मला वाटलं, विसरतात. मी जरा मोठेपणानंच विचारलं, "मामा, लोक कंटाळत नाहीत का हो?"

"एका मानसाला एकच, मॅडम. बरा होईपत्तर तोच."

"असं का?"

"दर टायमाला नवा सांगितला आनि एक दिवस हसला, तर मला कळायचं कसं? मानूस बदलला का विनोद चांगला व्हता?"

पुण्यात दोन वर्षं आम्हाला संशोधनाच्या पद्धती शिकवल्या होत्या. एकच गोष्ट बदलू द्यायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, हा त्यातला पहिला धडा. परीक्षेत मी तो पाठ करून लिहिला होता. मामा तो रोज खिडकीत करत होते.

केसपेपरच्या कोपऱ्यात ते काहीतरी बारीक लिहीत. मला आधी वाटलं औषधाची खूण असेल. ती कानडी अक्षरं निघाली. 'नक्क' म्हणजे हसला, 'नगलिल्ल' म्हणजे हसला नाही, आणि हसल्यासारखं केलं असेल तर नुसता शून्य. डॉक्टरांना कानडीचा गंध नव्हता, पण ती दोन वळणं त्यांना पाठ झाली होती. कागद हातात आला की त्यांची नजर आधी त्या कोपऱ्यात जायची. मग माझ्या प्रश्नावलीच्या बेरजेकडं. या क्रमाचा मला फार राग यायचा.

माझ्या प्रश्नावलीची गोष्टही सांगायला हवी. इंग्रजीतून मराठीत आणलेले एकवीस प्रश्न. 'भविष्याबद्दल आपणांस कितपत आशा वाटते?' यावर वैरागकडच्या एका म्हाताऱ्यानं मला उलट विचारलं, "पावसाचं इचारताय का?" 'गेल्या दोन आठवड्यांत आयुष्य जगण्यालायक वाटलं का?' यावर विड्या वळणारी एक बाई बराच वेळ विचार करून म्हणाली, "कुनाचं?" मी ती उत्तरं कुठल्या रकान्यात घालणार? घातली कुठंतरी आणि बेरीज केली.

शून्याचं मला नवल वाटायचं. खोटं हसणं ओळखायचं कसं? बँकेतले एक साहेब यायचे, चांगले खळखळून हसायचे. मी माझ्या खोलीतून ऐकायची आणि मला बरं वाटायचं. मामा मात्र कोपऱ्यात शून्य काढायचे. मी भांडले. तेव्हा ते म्हणाले, "खरं हसलेला मानूस हसून झाल्यावर एकदा दम घेतोय. खोटं हसनारा दम घेत न्हाय. त्यो लगीच माझ्याकडं बघतोय, जमलं का म्हनून." पुढच्या महिन्यात साहेबांच्या बायकोला खुर्चीच्या गादीखाली चार महिन्यांच्या गोळ्या सापडल्या. एकही घेतलेली नव्हती.

"आणि तुम्ही का नाही हसत?" मी विचारलं होतं.

"मी हसलो तर माझं मन राखायला त्यो हसंल. आनि हसताना मानसाचे डोळे मिटत्यात. मग बघायचं कुनी?"

हसला म्हणजे माणूस बरा झाला, असं ते कधी म्हणत नव्हते. "दार किलकिलं झालं," एवढंच म्हणत. एक रिक्षावाला होता, घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की छाती धडधडायची. भाऊ त्याला हात धरून आणायचा. त्याचा विनोद मला माहीत आहे, कारण पुढं त्यानंच तो सगळ्या दवाखान्याला ऐकवला. एक माणूस सात रस्त्याला उभा राहून रिक्षावाल्याला विचारतो, सात रस्त्याला जायचे किती? रिक्षावाला म्हणतो, चालीस. माणूस म्हणतो, अहो, मी सात रस्त्यालाच उभा आहे. रिक्षावाला म्हणतो, "तो बीस दे दो, पेट्रोल बच गया." पाच महिने तो या विनोदावर ढिम्म होता. एक दिवस हसला, दम घेतला, आणि पुढच्या खेपेला स्वतः रिक्षा चालवत आला. खिडकीत उभा राहून म्हणाला, "मामू, बीस दो." मामांनी मख्ख चेहऱ्यानं त्याला नंबर दिला.

हे कुठून शिकलात, असं मी एकदाच विचारलं. भाकरी चुरता चुरता त्यांनी सांगितलं की थोरला भाऊ असाच होता. दुधनीत गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलेला. बाजाराच्या दिवशी पोरं खिडकीशी गोळा व्हायची, त्याला चिडवायची, हसायची. "त्यो कवा हसला का, कशाला हसला, आमच्या घरात कुनाला सांगता येनार न्हाय. कुनी बघितलंच न्हाय की," ते म्हणाले आणि चटणीची पुडी बांधून ठेवली. भाऊ केव्हाच गेला होता. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता त्या चावीवाल्याचं लिहायला हवं. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले ते तेच लांबवायला.

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात लोखंडी झाकण असतं. ते उचलून लांब दांड्याच्या चावीनं जो पाणी सोडतो तो चावीवाला. पाणी का आलं नाही, कमी का आलं, हे त्याच्या हातात नसतं. पण घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना दुसरं कोण दिसणार? शिव्या त्यालाच. हा माणूस वर्षानुवर्षं त्या खात होता, आणि त्याच्या बायकोनं सांगितलं ते खरं मानलं तर उलट दोन विनोद सांगून बायकांना हसवत होता. मग कधीतरी त्याचं बोलणं कमी झालं. मग जेवण. मग कामावर जाणं थांबलं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राही. एकदा त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला, शेजाऱ्यांनी वेळेत दार तोडलं, आणि त्यानंतर बायको त्याला आमच्याकडं घेऊन आली. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून तिनं ते काम सोडून दिलं होतं.

सात महिने ती त्याला दर पंधरा दिवसांनी आणत होती. तो खिडकीशी उभा राही, मामा पुढं वाकून त्याचा विनोद सांगत. त्याला कोणता विनोद लावला होता, मला ठाऊक नव्हतं. विनोद ज्याच्या त्याच्या कामातला पाहिजे, असा मामांचा नियम होता, तेव्हा पाण्याचा असणार एवढा अंदाज होता. तो ऐकून घ्यायचा आणि माझ्या खोलीत येऊन बसायचा. कोपऱ्यात 'नगलिल्ल', 'नगलिल्ल', 'नगलिल्ल'. एकदाही शून्य नाही. मामा म्हणायचे, "ह्यो खोटं हसत न्हाय, ह्ये लई चांगलं हाय." त्यांचा त्याच्यावर जीव होता. त्याच्या तारखेच्या दिवशी ते सकाळपासून जिन्याकडं बघत असत.

आणि एका सकाळी माझ्या खोलीच्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. मोठा. पोटातून आलेला, मधेच खोकल्यात अडकलेला, पुन्हा सुरू झालेला. असं हसणं त्या दवाखान्यात मी कधी ऐकलं नव्हतं. चावीवाल्याचा नंबर आहे हे मला माहीत होतं. मी पेन्सिल हातात धरून बसल्या बसल्या हसले. उठून बघायला हवं होतं, पण उठले नाही.

तो आत आला. ओठांवर थोडं हसू होतं. केस विंचरलेले, शर्ट धुतलेला. "आज मामांना मी सांगितला," तो म्हणाला. मी फॉर्म काढला. एकवीस प्रश्न भराभर झाले, बाहेर गर्दी होती. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तो कसा विचारायचा, हे आम्हाला शिकवलेलं असतं. थांबून, समोरच्याकडं बघत, उत्तराला जागा ठेवून. मी तो विचारला तेव्हा माझी पेन्सिल आधीच 'नाही'वर टेकली होती. त्यानं नाही म्हणावं अशाच आवाजात मी विचारला.

"न्हाय, मॅडम," तो म्हणाला. "आता काय न्हाय."

बेरीज निम्म्यावर आली. डॉक्टरांनी कोपऱ्यातलं 'नक्क' पाहिलं, माझी बेरीज पाहिली, चष्मा काढून त्याचा हात हातात घेतला आणि त्याला दोन महिन्यांनी यायला सांगितलं. त्या दिवशी मामांनी खालून सगळ्यांसाठी चहा मागवला. इतक्या दिवसांत त्यांनी कुणाला चहा पाजल्याचं मला आठवत नव्हतं.

अकराव्या दिवशी त्यानं जीव दिला. कसा, ते मी लिहिणार नाही. दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं. त्याचा मेहुणा पोलिसांना द्यायला कागदांच्या नकला मागायला आला तेव्हा आम्हाला कळलं. मामांनी कपाटातून फाईल काढून दिली, नकला काढून आणल्या, त्याच्यासमोर टाचण्या लावल्या. मग एक वाजायला बराच वेळ होता तरी त्यांनी खिडकी लावून घेतली.

आमच्या धंद्यात हे ठाऊक असतं, की फार दिवस बुडालेला माणूस एकाएकी हलका, मोकळा दिसायला लागला तर घाबरायचं. काहीवेळा त्यानं मनाशी ठरवून टाकलेलं असतं आणि त्या ठरवण्यानंच तो मोकळा झालेला असतो. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत मी ते लिहून आले होते.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. ते रागावले नाहीत. थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाले, "मामा, ते कोपऱ्यातलं आता बंद करा." मामा म्हणाले, "व्हय." माझा फॉर्म त्याच फाईलमध्ये होता. निम्म्यावर आलेली बेरीज माझ्या अक्षरात होती, शेवटच्या प्रश्नासमोरचं 'नाही' माझं होतं. त्यावर कुणी काही बोललं नाही आणि मीही बोलले नाही. मी खाली फरशीकडं बघत होते. मला त्या क्षणाची आजही शरम वाटते. कुणाला सांगितली नाही, इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

मामा कामावर येत राहिले. नाव, वय, पत्ता, नंबर. कुणापुढं वाकणं नाही, कोपऱ्यात अक्षर नाही. लोक खिडकीशी थोडे जास्त थांबायचे, काहीतरी राहिल्यासारखे बघायचे आणि मग बाकावर जाऊन बसायचे. तो रिक्षावाला एकदा आला, म्हणाला, "मामू, मेरा वाला सुनाव ना." मामांनी त्याला नंबर दिला. तो माझ्या खोलीत आला तो विचारतच, "मामूकू क्या हुआ? बीमार है क्या?" मी म्हटलं, नाही, ठीक आहेत. त्याच वर्षी पुढं मामा नोकरी सोडून दुधनीला गेले ते परत आले नाहीत. पण त्याआधी ती बाई येऊन गेली.

दीड-एक महिना झाला असेल. दुपारी गर्दी ओसरल्यावर चावीवाल्याची बायको एकटीच जिना चढून आली. गालावर हात नव्हता. ती सरळ खिडकीशी गेली. मी माझ्या दारात उभी होते. आता ही ओरडेल, खिडकीची काच फोडेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

मामा म्हणाले, "कागद पायजे का बाई?"

"कागद नको. त्या दिवशी घरी येऊन हे म्हनले, आज दवाखान्यात लई हसाहशी झाली. दोन वर्सांत आमच्या घरात हसन्याचं नाव नव्हतं. मी म्हनलं, कशाला हसलासा? तर म्हनले, मामांना इचार. मग मला वाटलं, हसले म्हंजे आता बरं हाय. आठ दिवस मी डोळा ठिवला. मग मी परत शाळंत खिचडीच्या कामाला जायला लागले." तिनं पदर बोटाला गुंडाळला. "कशाला हसले तेवढं सांगा की. घरात कुनाला ठाव न्हाय."

मामा उठले, खिडकीमागच्या खोलीचं दार उघडून बाहेर आले आणि पेशंटच्या बाकावर बसले. तिलाही बसायला सांगितलं. दोघांच्या मधे एका माणसाची जागा रिकामी होती.

"सोलापूरचा एक मानूस मेला," मामा म्हणाले आणि थांबले.

मी तो विनोद पहिल्यांदा ऐकत होते. मामांचा चेहरा पडला. मला वाटतं, त्या शब्दांत काय आहे ते त्यांना स्वतःलाही त्याच क्षणी ऐकू आलं. पण बाई वाट बघत होती.

"वर गेला. चित्रगुप्त म्हनला, तुला सर्ग पायजे का नरक? तर मानूस म्हनला, ते मागनं सांगतो. आदी हितं पानी कितव्या दिवशी येतंय ते सांगा."

सोलापुरात हा विनोद पाण्याचा. चहाच्या टपरीवर सांगा, लग्नात सांगा, लोक पाण्यालाच हसतील. त्यात एक माणूस मरतो, हे कुणाच्या कानावर येत नाही. मी आधी ऐकला असता तर मीही हसले असते. मरण डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाला सात महिने दर पंधरा दिवसांनी आम्ही तो सांगत होतो.

बाई म्हणाली, "ह्याला हसले?"

"न्हाय. ह्याला कवाच हसले न्हाईत. हे माझं झालं." मामांनी हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते. "त्या दिवशी मी तोंड उगडायच्या आदी त्यांनीच सुरू केला. सगळा सांगितला आनि पुडं सवताचं जोडलं. चित्रगुप्त म्हनला, हितं पानी चोवीस तास हाय. चावीच न्हाय. तर त्यो मानूस म्हनला, मग हितं मला शिव्या कोन देनार?"

बाईनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. खांदे हलत होते, मग त्या हसण्यातच कुठंतरी रडणं सुरू झालं आणि दोन्ही वेगळं करता येईना. मामा तिच्याकडं न बघता समोरच्या भिंतीकडं बघत होते.

"ह्यांचंच हाय हे," ती डोळे पुसत म्हणाली. "आदी असंच बोलायचे. बाया शिव्या द्यायच्या आनि हे असलंच कायतरी बोलायचे." मग तिनं मामांकडं मान वळवली. "मामा, तुमाला कळतंय म्हनत्यात. हे खरं हसले व्हते का माझ्यासाटी नाटक केलं?"

मला वाटलं, मामा उठून आत जातील.

"खरं," मामा म्हणाले.

"देवाशपत?"

"देवाशपत. पोट धरून हसले. डोळ्यातनं पानी आलं. खोकला लागला, तरी थांबंनात."

तिचा चेहरा आल्यावर होता त्याहून सैल झाला होता. मग उठली, दोघांना नमस्कार केला, मलाही, आणि जिना उतरून गेली. ती शाळेत अजून जाते का, हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण राहिलं.

मामा बाकावरच होते. मी त्यांच्याजवळ गेले. एवढ्या दिवसांचं मनात साठलं होतं, त्यातलं काहीतरी बोलून टाकायचं होतं. मी म्हटलं, "मामा, म्हणजे तुम्ही लिहिलं ते चुकीचं नव्हतं. तो खरंच हसला होता. पुढचं कुणाला कळणार होतं?"

मामांनी कानातला कापूस काढून हातात घेतला. म्हणाले, "मॅडम, त्यो हसला का न्हाय मला ठाव न्हाय. मी बघितलंच न्हाय."

"म्हणजे?"

"शिव्या कोन देनार म्हनला आनि मलाच हसू आलं. इतक्या वर्सांत पहिल्यांदा. आवरंना. डोळे मिटले, खोकला लागला. डोळे उगडून बघतो तर त्यो तुमच्या खोलीत गेला व्हता. कागद माझ्याकडंच व्हता, त्योबी हसलाच आसंल म्हनून 'नक्क' लिवलं."

मी त्यांच्या शेजारी बसले. भिंतीपलीकडून जे हसणं ऐकून मी पेन्सिल 'नाही'वर टेकवली होती, ते मामांचं होतं.